घर आणि जमीन : 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास'ची एक बाजू

मराठीत राहत्या जागेसाठी जे शब्द आहेत ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बिऱ्हाड थाटतात आणि हलवतात, घर बांधतात, वाडा वारशाने येतो, आणि वास्तू म्हटली की तिची शांत करणे ओघानेच येते. ही सारी शब्दसंपत्ती एका गृहीतावर उभी आहे. ज्या भूमीवर माणूस घर बांधतो ती भूमी त्याच्या कुळाला आधीपासून ओळखते, हे ते गृहीत. परमुलखात जाऊन स्थायिक झालेल्या माणसाच्या बाबतीत ते निखळून पडते. त्याला जमीन प्रथम मिळवावी लागते, आणि ती मिळवताना मागच्या भूमीवरील आपला हक्क, निदान मनाने तरी, सोडावा लागतो. या व्यवहाराचे सर्वांत सांगोपांग चित्रण ज्या कादंबऱ्यांतून झाले आहे त्यांत व्ही. एस. नायपॉल यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीचे स्थान फार वरचे आहे.

या कादंबरीची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. एका पक्षाला तीत एकत्र कुटुंबाच्या दडपणाखाली घुसमटणाऱ्या व्यक्तीचा स्वातंत्र्यलढा दिसतो. दुसऱ्या पक्षाला घर हे वसाहतीतील मुळे तुटलेल्या माणसाच्या अस्मितेचे प्रतीक वाटते. दोन्ही मते निराधार नाहीत. परंतु दोहोंतही घर ही वस्तू फार लवकर हवेत विरून जाते. नायपॉल यांच्या कादंबरीतील घर लाकडाचे, पत्र्याचे आणि कर्जाचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीत घर आणि जमीन या दोन गोष्टी एक नाहीत. मोहन बिस्वासला अखेर घर मिळते. जमीन मिळत नाही. कादंबरीचे कारुण्य आणि तिची विनोदबुद्धी या दोहोंचा उगम या भेदात आहे.

हा भेद समजण्यासाठी त्रिनिदादमधील हिंदी वसाहतीचा इतिहास थोडक्यात ध्यानात घ्यावा लागतो. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी घेऊन त्या बेटाच्या किनाऱ्याला लागले. १९१७ मध्ये ही मजूरभरती बंद होईपर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहार या भागांतून, तेथील उसाच्या मळ्यांवर नेण्यात आली. करार पाच वर्षांचा असे, आणि बेटावर दहा वर्षे काढल्यावर मजुराला परतीच्या प्रवासाचा हक्क मिळे. १८६९ पासून काही वर्षे सरकारने एक नवा पर्याय पुढे ठेवला : परतीचा हक्क सोडणाऱ्यास बेटावरच जमिनीचा तुकडा. हा सौदा नीट पाहिला म्हणजे परभूमीवरील घराचे खरे मोल कळते. तेथे जमिनीची किंमत पैशात मोजलेली नव्हती. ती स्वदेशी परतण्याच्या वाटेने मोजलेली होती. मुंबईहून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांनाही निराळ्या रीतीने याच प्रश्नाला सामोरे जावे लागले. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी आपल्या जमिनींचे तुकडे पाडून विकावयास काढले, आणि ते विकत घेणाऱ्याचे परत जाणे मनातल्या मनात संपले.

नायपॉल यांनी हा इतिहास कोठेही व्याख्यानाच्या रूपाने सांगितलेला नाही. तुळशी कुटुंबाच्या हनुमान हाउसच्या ओसरीवर संध्याकाळी म्हातारे जमतात, चिलीम ओढतात आणि हिंदुस्थानात परतण्याच्या गोष्टी करतात; संधी आली तेव्हा मात्र त्यांच्यातले अनेक जण गेले नाहीत. या छोट्या प्रसंगात एका पिढीची मनःस्थिती सामावली आहे. या म्हाताऱ्यांचे बिऱ्हाड पन्नास वर्षे तात्पुरतेच राहिले आणि त्या तात्पुरतेपणाची त्यांना सवय झाली. बिस्वास हा त्यांच्या पुढच्या पिढीचा. त्याला परतण्याचे स्वप्नही वारशाने मिळालेले नाही. त्यामुळे जेथे जन्मलो तेथेच आपली जागा मिळवणे याखेरीज दुसरा मार्ग त्याला उरत नाही.

आणि तरीही त्याच्या कुळाची एक जमीन होती. बाप रघू तळ्यात बुडून मेल्यावर, त्याने पुरून ठेवलेल्या पैशाच्या आशेने शेजारी धारी रात्री त्यांची बाग खणू लागतो. अखेर बिस्वासची आई झोपडी आणि जमीन त्यालाच विकून टाकते. पुढे त्या जमिनीखाली तेल सापडते. पत्रकार झालेला बिस्वास आपले जन्मस्थान शोधावयास जातो तेव्हा तेथे तेलविहिरींची यंत्रे उभी असतात. त्याची नाळ जेथे पुरली ती जागाही सापडत नाही. या घटनेकडे दैवदुर्विलास म्हणून पाहण्याचा मोह होतो. पण कादंबरीच्या रचनेत तिचे कार्य अधिक नेमके आहे. बिस्वासच्या आयुष्यात जमीन एकदाच येते, तीही त्याला कळावयाच्या आधी जाते. त्यानंतर तो जे जे बांधतो ते दुसऱ्याच्या भूमीवर.

ग्रीन व्हेल येथील घराचा भाग या दृष्टीने कादंबरीचा मध्यबिंदू ठरतो. तुळशींच्या मळ्यावर मुकादमी करणारा बिस्वास मजुरांच्या बराकीतील खोलीला कंटाळून तेथेच, म्हणजे तुळशींच्याच जमिनीवर, घर बांधावयास काढतो. त्याच्यापाशी शंभर डॉलर आहेत आणि मनात एका मोठ्या घराचा आराखडा आहे. आफ्रिकी वंशाचा सुतार जॉर्ज मॅक्लीन याच्याशी त्याचे जे बोलणे होते ते फार हृद्य आहे. पैसे पुरणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक असते. पण मॅक्लीन तसे म्हणत नाही, घर हळूहळू, जमेल तसे बांधण्याचा मार्ग तो सुचवतो. एका गरिबाने दुसऱ्या गरिबाचा मान राखावा, इतकेच तेथे घडते. मग जुने पत्रे येतात. पत्र्यांची भोके बुजवण्यासाठी लावलेले डांबर उन्हाने वितळते आणि छतातून काळ्या सापांसारखे लोंबू लागते. घरातली एकच खोली राहण्याजोगी होते. तिच्यात बिस्वास आपल्या लहान मुलासह, आनंदसह, राहावयास जातो आणि वादळाच्या एका रात्री त्याचे मन खचते. पुढे ते घर जाळले जाते. येथे लेखकाने भयाचे वर्णन भयानक शब्दांनी केलेले नाही. केवळ डांबराचे साप, फटीतून येणारा वारा आणि अपुऱ्या फळ्या यांची नोंद त्याने केली आहे. तरीही हे प्रकरण विलक्षण प्रत्ययकारी झाले आहे, कारण मनाची पडझड आणि घराची पडझड यांत उपमेचे अंतरही शिल्लक राहत नाही.

घराच्या या ध्यासाचे एक लहान प्रतिबिंब नाताळच्या प्रसंगात दिसते. बिस्वास मुलीसाठी, सावीसाठी, बाहुलीघर आणतो. इतर मुलांना न मिळालेली वस्तू एकीलाच मिळाल्याने हनुमान हाउसमध्ये जो असंतोष माजतो तो शमवण्यासाठी त्याची पत्नी शमा ते बाहुलीघर मोडून टाकते. एकत्र कुटुंबात स्वतंत्र घराची कल्पनासुद्धा, खेळण्याच्या आकाराची असली तरी, अपराध ठरते. शॉर्टहिल्सच्या डोंगरावर तो दुसरे घर बांधतो. तेही तुळशींच्याच जागेवर, आणि तेथेही त्याचा संसार टिकत नाही.

शेवटी पोर्ट ऑफ स्पेनमधील सिक्किम स्ट्रीटवरचे घर. सेंट जेम्स नावाच्या त्या वस्तीत रस्त्यांना दिल्ली, बंगाल, नेपाळ अशी नावे आहेत. नायपॉल यांच्या पित्याचे, सीपरसाद नायपॉल यांचे, घरही तेथे नेपाळ स्ट्रीटवर होते. जो देश मागे राहिला त्याची नावे पाट्यांवर आली आणि त्या पाट्यांखाली घरासाठी घासाघीस सुरू झाली. एका वकिलाच्या कारकुनाकडून बिस्वास हे घर साडेपाच हजार डॉलरना घेतो. घर तो पाहतो ते रात्री, पावसात, यजमानाच्या आदरातिथ्यात. जिन्याचा धोका, न लागणारी दारे, न उघडणाऱ्या खिडक्या हे सारे नंतर कळते. पुढे पाहुणे येतात तेव्हा पडदे लावून आणि सामान मांडून हे दोष झाकले जातात, आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचे कौतुक पाहून घरच्या माणसांनाही ते दोष विसरता येतात. परंतु कादंबरीचे पहिलेच प्रकरण वाचकाला हिशेब सांगून मोकळे झालेले असते : तीन हजार डॉलरचे कर्ज, शेकडा आठ व्याज, म्हणजे महिन्याला वीस डॉलर, आणि शिवाय दहा डॉलर जमिनीचे भाडे. ही शेवटची रक्कम टीकाकारांच्या नजरेतून सहसा निसटते. ज्या घरासाठी एक आयुष्य खर्ची पडले त्याच्या खालची भूमी अखेरपर्यंत भाड्याचीच आहे.

शेवट आधी सांगण्याची ही रचना केवळ तंत्राची हौस नव्हे. घर मिळेल की नाही ही उत्सुकता आरंभीच संपल्यामुळे वाचकाचे लक्ष मिळण्याच्या किमतीकडे वळते. म्हणूनच प्रत्येक स्थलांतरात येणारी सामानाची यादी, त्यातले जाळीचे कपाट, टोप्यांची खुंटाळी, डुलती खुर्ची, वाढत वाढत जाते तेव्हा ती कंटाळवाणी न वाटता एखाद्या कुळाच्या वंशावळीसारखी वाटू लागते. ज्याला जमिनीचा वारसा नाही त्याचा वारसा बैलगाडीवर आणि लॉरीवर लादलेला असतो.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नव्हे. हनुमान हाउसमधील भांडणांचा भाग लांबला आहे आणि तेथील अनेक बहिणी व जावई एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. शमेला न्याय मिळण्यास वाचकाला फार थांबावे लागते. घर घेण्याला तिचा विरोध असतो, पण घेतलेले घर राहते करण्याचे कष्ट तिचे असतात, आणि या कष्टांकडे लेखक बिस्वासच्या ध्यासाइतक्या आस्थेने पाहत नाही. मॅक्लीनसारखी माणसे क्षणभर उजेडात येऊन पुन्हा काठावर जातात. त्याच भूमीवर त्यांच्याही पूर्वजांना जबरीने आणले गेले होते, आणि त्यांच्या घरांचे काय झाले, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. एका कुटुंबावर दृष्टी इतकी खिळली की शेजाऱ्याचे अंगण अंधारात राहते.

मराठी साहित्यात घराचे दुःख बहुधा उलट दिशेने आलेले आहे. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकातील धरणगावच्या देशपांड्यांना वाडा मिळालेला आहे. तो पेलत नाही, हे त्यांचे दुःख. तेथे पूर्वजांचे ओझे आहे, येथे पूर्वजांची उणीव. पण दोन्हीकडे मुले बाहेर पडतात. बिस्वासने घर घेतले ते मुलांसाठी. आणि तो सेहेचाळिसाव्या वर्षी, नोकरी गेलेली आणि कर्ज न फिटलेले अशा स्थितीत, मरतो तेव्हा आनंद शिष्यवृत्तीवर समुद्रापार शिकत असतो. आजोबांच्या पिढीने एक समुद्र ओलांडला होता, नातवाने दुसरा ओलांडला. परभूमीवर बांधलेले घर पुढच्या पिढीला जागेवर बांधून ठेवू शकत नाही. तिला निघून जाण्यासाठी एक उंबरा मात्र देते. हनुमान हाउसच्या ओसरीवरील म्हाताऱ्यांना परतावयास गाव उरले नव्हते. आनंदला निदान एक पत्ता मिळाला आहे. दहा डॉलर भाड्याच्या जमिनीवर मोहन बिस्वासने जे उभे केले त्याचे मोल या एका फरकाने ठरते, आणि ते अल्प नाही.