ऑफसेट ५० : यंत्राला शब्द कसा कळावा?

मंडळी, मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. आज तोच धागा जरा भलत्या ठिकाणी नेतो. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, कुठेही जा, दर दोन गल्ल्यांआड एक सोसायटी पुनर्विकासाला निघालेली. आमचीही निघाली. त्यामुळे या वयात आम्ही नकाशे वाचायला लागलो, आणि ते काढणारा मुलगा ऑटोकॅडवर काय करतो हे त्याच्या पाठीशी उभं राहून पाहू लागलो.

मुंबई महापालिकेने नकाशे तपासायला ऑटोडीसीआर ही पुण्यात तयार झालेली प्रणाली आणली. तिला नकाशा वाचता यावा म्हणून भिंत, जिना, भूखंडाची हद्द, सगळं ठरलेल्या नावाच्या लेयरवर काढावं लागतं. म्हणजे यंत्राला कळेल असं लिहायला आपले ड्राफ्ट्समन केव्हाच शिकले. आता पुढचं पाऊल पडतंय: नकाशा यंत्र नुसता वाचणार नाही, काढणार. एआय एजंटला रेषा, चाप, ऑफसेट ही साधनं द्यायची आणि प्रत्येकाचं वर्णन लिहून द्यायचं. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधनाला नाव असतं, वर्णन असतं आणि काय माहिती द्यायची त्याचा साचा असतो. आमची तक्रार त्या मधल्या वर्णनाबद्दल आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशी काही वर्णनं आणून दाखवली. ‘ऑफसेट : दिलेल्या अंतरावर समांतर रेषा काढते.’ व्याकरण शुद्ध, अर्थ स्पष्ट. पण अंतर ५० म्हणजे ५० काय? ऑटोकॅडच्या फाइलमध्ये संख्येला स्वतःचं एकक नसतं. ते हेडरमधल्या एका आकड्यात नोंदलेलं असतं : ४ असेल तर मिलिमीटर, ६ असेल तर मीटर, आणि ० असेल तर काहीच ठरलेलं नाही. त्या मुलाला हे विचारावं लागत नाही. समोर दरवाजा दिसतो, ९०० लिहिलेलं दिसतं, तो समजतो. त्याच्यापाशी प्रत्यक्ष आहे, अनुमान आहे. एजंटपाशी बहुतेक वेळा शब्दच.

नैयायिकांनी वाक्यातून बोध व्हायला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी लागतात असं सांगितलं. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहातलं ‘विस्तवाने शिंपतो’ हे उदाहरण तुमच्यापैकी अनेकांनी परीक्षेत लिहिलं असेल. शब्द सगळे बरोबर, पण विस्तवात शिंपण्याची योग्यताच नाही. या वर्णनांत आकांक्षा सांभाळलेली असते, कारण कुठली माहिती हवी ते साचाच सांगतो. योग्यता मात्र कुणी लिहीत नाही. कोनाचंच पाहा. ऑटोकॅडच्या आज्ञेत कोन सहसा अंशांत देतात, आणि त्याच ऑटोकॅडमधल्या ऑटोलिस्प भाषेत रेडियनमध्ये. एकाच घरात दोन मापं! ९० अंश म्हणायचे असताना ९० रेडियन गेले, तर यंत्र हूं की चूं करत नाही, रेषा काढून मोकळं होतं.

क्षेत्रफळ तर याहून वाईट. उघड्या पॉलिलाइनचं क्षेत्रफळ मागितलं, तर ऑटोकॅड शेवटच्या बिंदूपासून पहिल्यापर्यंत सरळ रेषा आहे असं धरून उत्तर देतं. ३ बाय ४ मीटरच्या खोलीचे तीनच कोपरे टिपले, चौथा राहिला, की १२ चौरस मीटरच्या जागी ६ येतात. चूक झाल्याचा निरोप नाही, उत्तर येतं, तेही दशांश चिन्हापुढे चार आकडे घेऊन. ‘क्षेत्रफळ परत देते’ एवढ्या वर्णनावर विसंबलेला एजंट ते ६ पुढच्या तक्त्यात भरणार, आणि त्या तक्त्याखाली कुणीतरी सत्तरीतले आजी-आजोबा सही करणार. आम्ही हे गंमत म्हणून सांगत नाही आहोत.

कुणी म्हणेल, आता यंत्राला पडद्याचं चित्रही दाखवता येतं की! येतं. पण दोन रेषांमधली एक मिलिमीटरची फट चित्रात दिसत नाही, ड्राफ्ट्समनलाही नाही. तो झूम करतो, कारण कुठे फट राहते हे त्याला जुन्या चुकांनी शिकवलेलं असतं. आणखी एक ऐका : ऑब्जेक्ट स्नॅप चालू असताना ऑटोलिस्पमधून रेषेला अचूक बिंदू दिला, तरी तो शेजारच्या टोकाला जाऊन चिकटू शकतो. जुने लिस्प लिहिणारे आधी स्नॅप बंद करतात. हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे, रेषेच्या वर्णनात नाही.

म्हणून आमचं मत असं, की साधनाचं वर्णन लिहायला नुसता प्रोग्रामर बसवू नये, शेजारी वीस वर्षं नकाशे काढलेला माणूस बसवावा. आप्त म्हणजे जसं आहे तसं सांगणारा, आणि इथे जसं आहे ते त्याला ठाऊक आहे. हल्ली ही वर्णनं कोड वाचून यंत्राकडूनच लिहून घेतात म्हणे. कोड काय करतो ते त्यात येईल, माणूस कुठे फसतो ते कुठून येणार?

त्या विद्यार्थ्याबरोबर बसून आम्ही एक वर्णन नव्याने लिहिलं. ‘बंद पॉलिलाइनचं क्षेत्रफळ, फाइलच्या एककाच्या वर्गात. आधी एकक तपासा. ० असेल तर थांबा आणि विचारा. रेषा उघडी असेल तर उत्तर देऊ नका, कुठे उघडी आहे ते सांगा.’ तीन ओळींना दीड तास लागला. चहा दोनदा झाला.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले आर्किटेक्ट मघापासून हात वर करून बसलेत, आधी त्यांना माइक द्या.