मौन आणि पोच : एमक्यूटीटी प्रोटोकॉलची चिकित्सा

दूरस्थ यंत्रावर चालणारा एजंट आणि मध्यवर्ती सर्व्हर यांच्या संवादाचे नियम ठरविताना संदेश कसा पोहोचवावा याचीच चर्चा बहुधा होते. तो आलाच नाही तर काय समजावयाचे, हा प्रश्न गौण मानला जातो. भीमेच्या खोऱ्यात मात्र तोच प्रधान होय. उजनीतून सोडलेले पाणी आणि वीर धरणातून नीरेत आलेले पाणी नीरा-नरसिंहपुरास एकत्र होऊन पंढरपुराकडे जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये या दुहेरी विसर्गाने पंढरपुरात पूर आला. अशा नदीवरील पातळीमापक केंद्र ऐन पावसात गप्प झाले, तर पाणी स्थिर आहे, संपर्क तुटला आहे, की केंद्रच बुडाले आहे, हे सर्व्हरने कशावरून ओळखावे?

या कसोटीवर एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी १९९९ साली तेलवाहिन्यांवरील देखरेखीसाठी, उपग्रहाचा महागडा संपर्क गृहीत धरून, तो रचला. त्याच्या संदेशाचे स्थिर शीर्ष अवघ्या दोन बाइटांचे असू शकते. रचनाकारांनी मौनाचा विचार केलाच नाही, असेही नाही. एजंट जोडणी करतानाच आपले ‘मृत्युपत्र’ ब्रोकर म्हणजे मध्यस्थ सर्व्हरपाशी ठेवू शकतो. जोडणी अकस्मात तुटल्यास ब्रोकर ते प्रसिद्ध करतो. ही कल्पना निःसंशय मार्मिक आहे.

परंतु मृत्यूची वार्ता केव्हा कळते? ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळ एजंटाकडून काहीच न आल्यास ब्रोकर जोडणी तुटली असे मानतो. बॅटरी वाचविण्यासाठी ही मुदत एक तास ठेवली, तर दीड तास अज्ञानात जाऊ शकतो. शिवाय वार्ता कळते ती जोडणीच्या मृत्यूची. त्याचे कारण कळत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ब्रोकर शेवटचे वाचन जपून ठेवू शकतो व नव्या ग्राहकास तत्काळ देतो. ते जपलेले आहे अशी खूण सोबत असते. ते केव्हाचे आहे, हे प्रोटोकॉल सांगत नाही. सकाळी सहाची पातळी दुपारी बाराची म्हणून वाचली जाण्याचा धोका येथे आहे. २०१९ च्या पाचव्या आवृत्तीने संदेशास मुदत घालण्याची सोय केली खरी. पण मुदत संपताच संदेश नाहीसा होतो, म्हणजे पुन्हा मौनच उरते.

पोचेविषयीही असाच भ्रम संभवतो. ‘नेमके एकदाच’ हे आश्वासन एजंट ते ब्रोकर व ब्रोकर ते ग्राहक या टप्प्यांना स्वतंत्रपणे लागू असते. एजंटास मिळालेली पोच ब्रोकरची असते. विसर्गाचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत वाचन गेले, असा तिचा अर्थ नव्हे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, प्रोटोकॉलने केवळ वहन करावे, अर्थ उपयोजनाने पाहावा. हा आक्षेप रास्त आहे. किंबहुना त्या संयमातच एमक्यूटीटीचा हलकेपणा आहे. पण मग त्यावर उभारणी करणाऱ्याची जबाबदारी वाढते. प्रत्येक वाचनासोबत मोजणीची वेळ व अनुक्रमांक असावा. ‘बदल नाही’ हेदेखील स्पष्ट शब्दांत कळवावे. आणि अंतिम ग्राहकाची पोच एजंटापर्यंत परत यावी. काही बाइट अधिक खर्च होतील. नदीकाठच्या वस्तीला हलविण्यासाठी हाती असलेल्या वेळेच्या तुलनेत तो खर्च नगण्य होय.