मागे वळून पाहिल्याची गोष्ट

मिल्खासिंग यांनी रोमला मागे वळून पाहिले आणि ते हरले, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. क्रीडादिनाचे भाषण असो की स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन शिबिर, वक्ता तिच्याकडे वळतोच. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत मी ती अनेक व्यासपीठांवरून ऐकली आहे. तात्पर्यही ठरलेले असते : ध्येयावरून नजर हटली की संपले. एखादी कथा इतक्या तोंडांनी, इतकी वर्षे, एकाच तात्पर्यासह सांगितली जात असेल, तर तिची समीक्षा व्हायला हवी. ही कथा शर्यतीविषयी फार थोडे सांगते. आपण हरणाऱ्याकडे कसे पाहतो, ते मात्र ती पुरते सांगून जाते.

आधी शर्यत पाहू. ६ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये चारशे मीटरची, म्हणजे मैदानाच्या एका फेरीची, अंतिम शर्यत झाली. धावणारे सहा जण होते. अमेरिकेचा ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल काउफमान या दोघांनाही हातघड्याळावर ४४.९ सेकंद लागले. हा नवा जागतिक विक्रम होता. पंचेचाळीस सेकंदांच्या आत तोवर कोणी धावले नव्हते. दोघांमधला पहिला कोण, हे छायाचित्र पाहून ठरवावे लागले. तिसरा आला दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स, ४५.५ सेकंदांत. मिल्खासिंग चौथे आले, ४५.६ सेकंदांत.

या आकड्यांमागे आणखी काही आकडे आहेत, आणि ते भाषणात कधी येत नाहीत. रोमच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा या अंतराचा ऑलिंपिक विक्रम ४५.९ सेकंदांचा होता, १९५२ च्या हेलसिंकीमधला. म्हणजे चौथा आलेला मिल्खासिंगही त्याहून वेगाने धावला. १९५८ साली कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मिल्खासिंग यांनी याच स्पेन्सला मागे टाकून ४४० यार्डांचे सुवर्णपदक मिळवले होते. रोममध्ये स्पेन्स पुढे राहिला तो जेमतेम मीटरभर. डेव्हिस मात्र मिल्खासिंग यांच्यापुढे सुमारे सहा मीटर होता. मागे पाहण्यात काही गमावले असेलच, तर फार तर कांस्यपदक. सुवर्णपदक त्या एका नजरेने गेले, हे अंतराच्या साध्या हिशेबात बसत नाही. आणि ज्या धावेला आपण घोडचूक म्हणतो, तिची वेळ पुढे अडतीस वर्षे भारताचा राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. १९९८ साली परमजितसिंगने ती मोडली. तेही स्वयंचलित घड्याळाच्या मोजणीत ४५.७३ चे ४५.७० करून, म्हणजे सेकंदाच्या तीन शतांशांनी.

यावर कोणी म्हणेल की, खुद्द मिल्खासिंगच तसे सांगत होते. खरे आहे. आपण सुरुवात फार वेगात केली, अडीचशे मीटरच्या सुमाराला वेग आवरला आणि इतरांकडे पाहिले, अशी खंत त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. ती खंत धावपटूची आहे, तिचा मान राखायलाच हवा. पण चारशे मीटरच्या शर्यतीत सगळेच मंदावतात. माणूस आपल्या कमाल वेगाला पहिल्या पन्नास-साठ मीटरच्या आसपास पोहोचतो आणि तो वेग त्याला पुढे फार काळ टिकवता येत नाही. शेवटच्या शंभर मीटरमध्ये जिंकणाराही मंदावत असतो. तो इतरांपेक्षा कमी मंदावतो, इतकेच. म्हणून ही शर्यत वेग वाटून घेण्याची आहे. त्यातच प्रत्येक जण आपापल्या लेनमध्ये असतो. वळणाचा फरक भरून काढण्यासाठी बाहेरच्या लेनवाल्यांना पुढून सुरुवात मिळते. त्यामुळे शेवटचे वळण संपेपर्यंत खरा पुढे कोण, हे धावणाऱ्याला नीट कळत नाही. २०१६ साली रिओमध्ये वेड व्हॅन नीकर्कने सगळ्यांत बाहेरच्या आठव्या लेनमधून ४३.०३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. पूर्ण फेरी त्याचे सगळे प्रतिस्पर्धी त्याच्या पाठीमागेच होते. तो विक्रम नजर न हटवल्याने झाला, असे कोणी म्हणत नाही. जिंकणाऱ्याच्या नजरेची आपण चौकशी करत नाही.

नव्या पिढीच्या मनात ही गोष्ट पक्की केली ती राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या ‘भाग मिल्खा भाग’ (२०१३) या चित्रपटाने. प्रसून जोशींच्या पटकथेत रोमची शर्यत आरंभीच येते, आणि मिल्खा मागे पाहतो तेव्हा त्याला फाळणीतले बालपण दिसते. फाळणीत आईवडिलांची हत्या पाहिलेल्या मुलाचे दुःख पडद्यावर आले, हे या चित्रपटाचे मोठे देणे आहे. सरावाची दृश्येही अंगावर येतात. पण कथेच्या सोयीसाठी त्याने दोन गोष्टी हलवल्या. रोमच्या आधी मिल्खाच्या नावावर जागतिक विक्रम दाखवला. प्रत्यक्षात तो विक्रम अमेरिकेच्या लू जोन्सचा होता, ४५.२ सेकंद, १९५६ सालचा. आणि लाहोरची शर्यत, जी रोमच्या काही महिने आधी झाली होती, ती रोमनंतर नेऊन शेवट गोड केला. घसरण दाखवायची तर आधी शिखर उभे करावे लागते आणि नंतर प्रायश्चित्त घ्यावे लागते. कालक्रम बदलण्याचे स्वातंत्र्य कलाकृतीला असते, त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप परिणामावर आहे. या रचनेत जगातला चौथा वेगवान माणूस आपल्या सर्वोत्तम दिवशी गुन्हेगार ठरतो.

ही सवय चित्रपटाने लावलेली नाही. शर्यतीची आपली पहिली गोष्टच ससा-कासवाची. ससा हरला, कारण तो झोपला. हरणाऱ्याच्या अंगी दोष असलाच पाहिजे, ही शिकवण आपल्याला पाटी-पेन्सिलीबरोबर मिळते. दुसरा कोणी खरोखरच अधिक वेगवान होता, हे कारण आपल्या बोधकथांना चालत नाही. त्यातून तात्पर्य निघत नाही ना!

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातला दिलीप गावित याच एका फेरीचा धावपटू. उजवा हात कोपराखाली नसलेला हा आदिवासी मुलगा ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत टी-४७ गटात ४९.४८ सेकंदांत पहिला आला. ते भारताचे त्या स्पर्धेतले शंभरावे पदक होते, त्यामुळे कौतुकही भरपूर झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये त्याने अंतिम फेरी गाठली आणि ४९.९९ सेकंदांत तो आठवा, म्हणजे शेवटचा आला. मोरोक्कोच्या आयमान अल हद्दावीने तिथे ४६.६५ चा जागतिक विक्रम केला. हांगझोऊचा दिलीप आणि पॅरिसचा दिलीप यांच्यात अर्ध्या सेकंदाचे अंतर आहे. आपल्या लेखनात मात्र पहिल्यासाठी मथळे आहेत आणि दुसऱ्यासाठी एखादी ओळ. आमच्या परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, हे इथे पुष्कळांना आठवते. तिने किती वेळ घेतला, हे विचारले तर उत्तर येत नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही हौसेने म्हणतो. त्याच जर्मनीचा काउफमान पहिल्याइतक्याच वेळेत धावून दुसरा आला, आणि त्याचे नाव इथे कोणाला माहीत नाही.

वेळेची भाषा जाणणारी माणसे परभणीत आहेत. पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पाहा. त्यांना १६०० मीटर, म्हणजे चार फेऱ्या धावायच्या असतात आणि गुण वेळेवर मिळतात. कोणत्या फेरीत किती सेकंद गेले, दम कुठे राखायचा, हे ती एकमेकांना हिशेबाने सांगतात. शेजारचा पुढे गेला म्हणून रडत नाहीत, कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी झाले म्हणून हसतात. त्यांची समीक्षा व्यासपीठावरच्या आमच्या समीक्षेपेक्षा खरी आहे. पण यादी लागते तेव्हा एका गुणाने राहिलेल्या मुलाला गावात विचारले जाते, ‘कुठे कमी पडलास?’ रोमच्या गोष्टीने शिकवलेला हा प्रश्न आहे. जागा थोड्या आणि धावणारे खूप, हे उत्तर समोर दिसत असूनही आपण त्याच्या स्वभावात खोट शोधतो.

चौथ्या माणसाला आधी त्याची वेळ विचारावी. क्रमांक सांगायला इतर पाच जण लागतात. ४५.६ मात्र मिल्खासिंग यांचे एकट्याचे होते.