हंटरवालीचा वारसा

१९३५ सालीं मुंबईस वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ हा बोलपट लागला आणि पंचवीस आठवडे चालला. पुढच्याच वर्षीं पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. तुकारामाचा लौकिक १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवापर्यंत पोंचला, आणि त्याचें जें कौतुक झालें तें सर्वथा योग्यच होतें. हंटरवालीची वासलात मात्र ‘स्टंटपट’ या एका शब्दांत लागली. परंतु गेल्या नव्वद वर्षांतील लोकप्रिय चित्रपटावर या दोहोंपैकीं कोणाची छाप अधिक खोल पडली, असें कोणीं विचारल्यास त्याचें खरें उत्तर आपल्या अभिरुचीस सुखावणारें नाहीं. तुकारामाच्या वाटेनें थोडे गेले. हंटरवालीची संतति उदंड झाली. तेव्हां त्या संततीनें आईपासून काय घेतलें आणि काय टाकलें, हें एकदां पाहणें अवश्य आहे.

कथानक अगदीं साधें. दुष्ट वजीर राजास बंदींत टाकतो. राजकन्या माधुरी राजवाड्यांत राजकन्या म्हणून वावरते, आणि तोंडावर मुखवटा चढवून, हातीं चाबूक घेऊन, घोड्यावरून गांजलेल्यांच्या साह्यास धांवते. दोन नांवें, दोन वेष आणि एक गुपित! अमेरिकेचा ‘सुपरमॅन’ चित्रकथेच्या पानांवर प्रथम अवतरला तो १९३८ सालीं, आणि ‘बॅटमॅन’ त्याच्याहि पुढच्या वर्षीं. म्हणजे आमची ही राजकन्या त्या दोघांहूनहि वडील. याचा अर्थ ती स्वयंभू होती असा मात्र नव्हे. वाडिया बंधूंपैकीं थोरले जमशेदजी हे डग्लस फेअरबँक्सचे मोठे चाहते होते, आणि फेअरबँक्सच्या १९२० सालच्या ‘मार्क ऑफ झोरो’मधील मुखवटाच येथें उसना आणला आहे, हें सहज ओळखूं येतें. तथापि तो बाईच्या तोंडावर बसविला, हें वाडियांचें श्रेय कोणासहि नाकारतां येणार नाहीं.

आणि बाई तरी कशी! मेरी एव्हान्स ही १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें जन्मली, लहानपणींच हिंदुस्थानांत आली, सर्कशींत व नाचाच्या फिरत्या मंडळींत राबली, आणि ‘नादिया’ हें नांव घेऊन पडद्यावर आली. तिचें हिंदी ऐकून कोणासहि हंसूं येईल. परंतु घोड्यावरची उडी, छपरांवरची धांव, पुरुषास खांद्यावर उचलून भिरकावणें, हें सारें ती बदली माणूस न घेतां स्वतः करीत असे. पुढें ‘मिस फ्रंटियर मेल’मध्यें (१९३६) ती धांवत्या आगगाडीच्या टपावर झुंजली. प्रेक्षकांस तिच्या अभिनयाचें वेड नव्हतें; जें दिसत आहे तें खरोखरीच घडलें आहे, या विश्वासाचें वेड होतें.

हा विश्वास नवीन होता. आपल्या पडद्यावर अचाट बळ प्रथम आणलें तें दादासाहेब फाळक्यांनीं. ‘लंकादहन’ (१९१७) मधील मारुति उडतो, कारण तो वायुपुत्र आहे. ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्यें कृष्णाचें काम फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिनें केलें. चित्रपटाच्या आरंभीं फाळके प्रथम त्या चिमुरडीचा चेहरा व त्यावरील निरनिराळे भाव दाखवितात आणि मग तिचा कृष्ण करतात. पोर आमची, पण बळ देवाचें, असें जणूं त्यांस प्रेक्षकांच्या कानांत सांगावयाचें होतें. हंटरवालीचें बळ देवाचें नव्हे. तें कमावलेलें आहे. ज्या महाराष्ट्रांत मारुतीच्या देवळाशेजारीं तालीम असते, देवास नमस्कार घालून मग जोर मारावयाचे असतात, त्या महाराष्ट्रांतील प्रेक्षकांस हा भेद समजावून सांगावा लागत नाहीं.

आतां संततीकडे वळूं. मुखवटा, दुहेरी आयुष्य, राजसत्ता दुष्टांच्या हातीं गेली असतां एकट्यानें उगवावयाचा सूड, ही सारी सामग्री हिंदी बोलपटानें पदरांत घेतली. बळाचें मूळ तेवढें बदललें. शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हा या परंपरेंतील सर्वांत लोकप्रिय चित्रपट होय. त्याचा नायक अनाथ मुलांचा सांभाळ करणारा एक दरिद्री तरुण आहे, आणि त्याचें बळ म्हणजे शास्त्रज्ञ बापानें करून ठेवलेलें एक कंकण. तें हातांत घातलें कीं माणूस दिसेनासा होतो. तांबड्या प्रकाशांत मात्र दिसतो. (अदृश्य माणसाची हौस आपल्याकडे जुनीच. १९३७ सालच्या ‘ख्वाब की दुनिया’मध्यें बाबूभाई मिस्त्रींनीं काळ्या दोऱ्यांच्या साह्यानें ती पुरविली होती, आणि ‘काला धागा’ हें टोपणनांव मिळविलें होतें.) चित्रपट गोड आहे, आणि लेखकद्वय सलीम-जावेद यांस बळाच्या मुळाचा प्रश्न टोंचत असावा असेंहि वाटतें, कारण अखेरच्या झुंजींत नायक कंकणाविनाच उभा राहतो. पुढच्यांनीं तेवढीहि टोंचणी ठेविली नाहीं. ‘क्रिश’ (२००६) मधील तरुणास बळ मिळतें तें बापाच्या रक्तांतून, आणि बापास तें मिळालेलें असतें परग्रहावरील पाहुण्याकडून. २०२४ सालच्या तेलुगू ‘हनुमान’ चित्रपटांत खेड्यांतील एका टवाळ पोरास एक मणि सांपडतो आणि मारुतीचें बळ त्याच्या अंगीं येतें. फाळक्यांपासून निघालेली दिंडी अशी फिरून पुन्हां मारुतीच्याच दारीं आली आहे. वाटेंत तालीम तेवढी गळली.

तालमीबरोबर बाईहि गळली. ‘मिस्टर इंडिया’मध्यें श्रीदेवीनें केलेली बातमीदार बाई हुशार आहे, धीट आहे, आणि सबंध चित्रपटांत तिच्याइतका जिवंत अभिनय दुसऱ्या कोणाचाहि नाहीं. तरीहि कंकण तिच्या हातीं जात नाहीं. त्या न दिसणाऱ्या वीरावर प्रेम करणें एवढेंच तिच्या वांट्यास येतें. नादिया गोरी, परदेशी रूपाची होती म्हणूनच तिचें धाडस प्रेक्षकांनीं चालवून घेतलें, असा आक्षेप घेतां येईल, आणि त्यांत तथ्य आहे. परंतु तें खरें धरलें तरी त्यानंतरच्या इतक्या वर्षांत तिची जागा इकडच्या मुलींस कितीदां मिळाली, हा प्रश्न अधिकच बोंचरा होतो.

जें चांगलें तें असें टाकलें गेलें. जें दुबळें तें मात्र जपलें गेलें, आणि त्याचा दोष खुद्द हंटरवालीकडेच जातो. त्या कथेंत प्रजा केवळ सोडविली जाण्यासाठीं आहे. वजीर गेला, राजा पुन्हां गादीवर बसला, कीं सर्वांचें कल्याण झालें! १९३५ सालीं आमची उमरी निजामाच्या राज्यांत होती. गादीवर धनी पुन्हां बसल्यानें प्रजेचें काय भलें होतें, हें येथें कोणाकडून शिकावयाचें नव्हतें. याच उमरीची बँक १९४८ च्या ३० जानेवारीस हैद्राबाद मुक्तिसंग्रामांतील तरुणांनीं लढ्याच्या खर्चासाठीं लुटली. त्याच सायंकाळीं दिल्लीस गांधीजींचा खून झाला, त्यामुळें देशास या कृत्याकडे पाहण्याचें भान राहिलें नाहीं. बोलपटास लागणारें साहस, गुप्तता, घोर संकट, सर्व कांहीं त्यांत होतें. पण तें एका मुखवट्याचें काम नव्हतें, अनेकांचें होतें. आणि त्या अनेकांस दुष्ट वजीर काढून चांगला राजा बसवावयाचा नव्हता, प्रजेचें राज्य हवें होतें. अशी गोष्ट एका वीराच्या सांच्यांत मावत नाहीं. आपला लोकप्रिय चित्रपट हंटरवालीपासून ‘क्रिश’पर्यंत त्याच सांच्यांत ओतला गेल्यानें प्रेक्षकांस टाळ्या पिटण्याची संवय लागली आणि पडद्यावरील प्रजेस हात जोडून वाट पाहण्याची.

होमी वाडियांनीं १९४३ सालीं, बसंत पिक्चर्स ही नवी संस्था काढल्यावर, ‘हंटरवाली की बेटी’ हा चित्रपट काढला. आमच्या मतें तिची खरी लेक बऱ्याच उशिरां निपजली, आणि तीहि अतिमानवी वीरांच्या चित्रपटांत नव्हे. २०१६ सालच्या ‘दंगल’मध्यें हरियाणांतील दोन बहिणी मातींत घाम गाळतात, पोरांस चीत करतात, मुखवटा नाहीं, मणि नाहीं, कंकण नाहीं. देशांत आणि देशाबाहेर त्या चित्रपटास जें यश मिळालें त्यावरून पाहतां, कमावलेल्या बळाची भूक प्रेक्षकांत अजून मेलेली नाहीं असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र त्या आखाड्यांतहि हुकूम चालतो तो बापाचा. पहांटे उठविणारा तो, केंस कापविणारा तो. १९३५ सालच्या माधुरीचा बाप बंदींत होता, आणि त्याला सोडविण्यासाठीं चाबूक तिनें आपण होऊन उचलला होता.