घरातले प्रारण : गणक काय सांगतो, काय सांगत नाही

विज्ञान प्रदर्शनात गायगर गणक मांडला की त्याभोवती गर्दी जमते. गणकाची टकटक सुरू होते. विद्यार्थी तो भिंतीजवळ, ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ नेतात, दर तासाचा आकडा ८७६० ने गुणतात आणि ‘आमच्या घरातील वार्षिक प्रारण’ असा तक्ता लावतात. प्रयोग चांगला आहे. तक्त्याचे शीर्षक मात्र आम्हाला मान्य नाही.

पहिली हरकत अशी की, या मापनातून मोठा वाटा निसटतो. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या २००८ च्या अहवालानुसार निसर्गातून माणसाला मिळणारी प्रारणमात्रा जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट आहे. त्यात जमीन व भिंतींतून येणाऱ्या किरणांचा वाटा ०.४८, विश्वकिरणांचा ०.३९, अन्नपाण्याचा ०.२९ आणि श्वासावाटे जाणाऱ्या, मुख्यतः रेडॉन वायूचा १.२६. म्हणजे निम्म्याहून अधिक! रेडॉन जमिनीतून, फरशीच्या फटींतून घरात शिरतो. त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा. त्यापासून बनणारे पोलोनियमचे अणू धूलिकणांना चिकटून फुप्फुसात पोहोचतात आणि तेथे अल्फा कण सोडतात. साध्या गणकाच्या नळीच्या भिंतीतून अल्फा कण आत शिरूच शकत नाहीत. मग ‘आकडा कमी, घर सुरक्षित’ हा निष्कर्ष कशाच्या आधारावर?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज केंद्रातील अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे प्रारणाची धोक्याची घंटा वाजू लागली. केंद्राची वीजनिर्मिती तेव्हा सुरूही झाली नव्हती. शोध घेता किरणोत्सारी द्रव्य ते घरूनच अंगावर घेऊन येत असल्याचे कळले. घराच्या हवेत रेडॉनचे प्रमाण घनमीटरला सुमारे एक लाख बेकेरेल होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली संदर्भ पातळी आहे १०० बेकेरेल.

दुसरी हरकत गणिताची. समजा, मिनिटात २५ ठोके पडले. किरणोत्सर्ग यादृच्छिक असल्यामुळे या आकड्यात वर्गमुळाइतका, म्हणजे ५ ठोक्यांचा चढउतार अपेक्षितच असतो. ओट्याजवळ २५ आणि खिडकीत २१ आले, तर फरक आहे असे म्हणता येणार नाही. तोच गणक १०० मिनिटे ठेवला आणि २५०० ठोके मिळाले, तर चढउतार ५० चा. २० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर येतो.

तिसरी हरकत काळाची. खिडक्या बंद असल्या की रेडॉन साठतो, उघडल्या की विरळ होतो. म्हणून सेल्युलोज नायट्रेटची फिल्म लहान डबीत घालून घरात निदान तीन महिने टांगून ठेवतात. अल्फा कणांनी पाडलेल्या खुणा नंतर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठळक करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. भारतीय घरांच्या पाहण्यांतही ही पद्धत वापरली गेली आहे. हे मापन संथ आहे, पण घरात राहणाऱ्याच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे.

तेव्हा शिक्षकांनी प्रयोग जरूर करावा. मात्र तक्त्यावर किती वेळ मोजले, चढउतार किती, आणि रेडॉन मोजलेला नाही, या तीन ओळी विद्यार्थ्यांकडून लिहून घ्याव्यात. त्या नसतील, तर एखादे मूल ओट्याला उगाच घाबरेल आणि दुसरे बंद खोलीत उगाच निश्चिंत राहील.