वाळवणाच्या यादीत चान्या का नाहीत?

पाककृतींच्या पुस्तकाची समीक्षा करायची आपल्याकडे पद्धत नाही. कादंबरीवर लिहितात, कवितेवर लिहितात. पाककृतींच्या पुस्तकाला फार तर ‘उपयुक्त’ म्हणतात आणि ओट्याजवळच्या फळीवर ठेवून देतात. पण ज्या पुस्तकाच्या पानांवर हळदीचे डाग असतात, ते घराबद्दल बरंच काही सांगत असतं. घरात कोण राहतं, बाजारातून काय येतं, कोण आधी जेवतं, पाहुण्यांसमोर काय मांडलं जातं. आणि मुख्य म्हणजे, कशाबद्दल गप्प बसलं जातं.

म्हणून दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचूया. एक, कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ (१९७०). दुसरं, शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५). दोन्ही मराठी, दोन्ही घरच्या जेवणाबद्दल. तरी एकातलं घर दुसऱ्यातल्या घराला ओळखत नाही.

वाटीची क्रांती

‘रुचिरा’च्या लाखाच्या वर प्रती खपल्या. लग्नात मुलीला भेट द्यायचं पुस्तक, अशी त्याची ओळख झाली. फारसं शालेय शिक्षण नसलेल्या एका बाईचं हे यश कशात होतं? मापात. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हे प्रमाण धरलं.

आज यात विशेष वाटत नाही, पण काळ बघा. १९५६च्या कायद्यानंतर शेर-पायली मागे पडून किलो-लिटर आले होते. सासूचं माप एक, दुकानदाराचं दुसरं. त्यात नोकरीसाठी शहरात आलेली जोडपी वाढत होती. शेजारी उभं राहून ‘अंदाजाने घाल’ सांगणारी आई किंवा सासू दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात नव्हती. वाटी मात्र होती. या पुस्तकाने ‘अंदाज’ नावाची घराण्याची मिरास कुणाही वाचता येणाऱ्या मुलीच्या हातात दिली. याचं श्रेय कमी लेखू नये.

पण मापाच्या आत एक गृहीतक लपलेलं असतं. ‘एक वाटी डाळ, दोन चमचे तूप’ असं लिहिणारा धरून चालतो की डाळीचा आणि तुपाचा डबा घरात आहे आणि तो भरलेला आहे. प्रश्न फक्त किती घ्यायचं, एवढाच. शिवाय या पुस्तकाचा मुख्य भर पांढरपेशा घरातल्या शाकाहारी स्वयंपाकावर आहे. एका बाईने आपल्या घरचं लिहिलं, यात तिची चूक नाही. गडबड नंतर झाली. एका थरातल्या घरांचं जेवण हेच ‘आपलं मराठी जेवण’ असं आपण सगळे म्हणू लागलो.

डबाच नसलेलं घर

पाटोळे मराठवाड्यातले. जेवताना म्हणायच्या श्लोकातल्या ‘पूर्णब्रह्मा’ला त्यांनी शीर्षकात एक ‘अ’ जोडला आणि पुस्तकाचा सगळा वाद त्या एका अक्षरात मांडला. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाबद्दल ते लिहितात. इथे तेल-तूप-दूध गृहीत धरलेलं नाही. पदार्थाची सुरुवात ‘काय करूया’पासून होत नाही, ‘काय मिळालं’पासून होते. रानातली भाजी, मेलेल्या किंवा कापलेल्या जनावरातला वाट्याला आलेला हिस्सा, त्याचं रक्त, आतडी. घराची खाण्याची सवय आवडीनिवडीतून घडत नाही. गावाने वाट्याला काय दिलं, यातून घडते. जातीने काम ठरवलं आणि कामाने कालवण.

या दोन पुस्तकांतला फरक नेमका कुठे आहे, हे बघायचं तर वाळवणापाशी थांबावं लागतं. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, सांडगे, कुरडया वाळत घालणं आपल्याला माहीत आहे. ‘आजीच्या हातचं वाळवण’ म्हणत आपण त्याचे रील बघतो. चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर टांगून उन्हात कडक वाळवलेले तुकडे. काही मिळणार नाही अशा दिवसांसाठी ठेवलेले. तेच ऊन, तीच काटकसर, पुढच्या दिवसांची तीच काळजी. मग एक वाळवण ‘संस्कृती’ आणि दुसऱ्याची घरातच कुजबुज, असं का? चवीतून याचं उत्तर मिळत नाही.

नॉस्टॅल्जियाचा धोका

आता एक सावधगिरी. शहरी वाचकाला पाटोळेंचं पुस्तक ‘हरवलेल्या चवी’ म्हणून वाचायचा मोह होतो. ज्वारीची भाकरी एकेकाळी गरिबीची खूण होती. आज ती हॉटेलात ‘गावरान थाळी’त मिळते. उद्या रक्तीचंही तसंच होईल, मग सगळं ठीक, असं वाटू शकतं.

पण या पदार्थांचा इतिहास इतका गोड नाही. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मेलेल्या जनावरांचं मांस सोडण्याचं आवाहन झालं. अनेक घरांनी ते सोडलं, ते स्वाभिमानासाठी. त्या घरांतली नातवंडं आज तीच चव आठवून लिहितात, तेही स्वाभिमानासाठीच. पूर्वजांनी जे नाकारलं ते लादलेलं जिणं होतं. आज जे लिहिलं जातंय ते त्या जिण्यातही टिकलेलं कसब आहे. हा पेच पोटात घेऊन वाचलं, तरच पुस्तक नीट कळतं.

शिवाय हे सगळं भूतकाळातलं नाही. पुस्तक आलं त्याच २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. गाईंच्या कत्तलीला ती आधीच होती. स्वस्त प्रथिनांचा एक स्रोत कायद्याने बंद झाला. ताटातलं राजकारण म्हणतात ते हेच.

पाटोळेंच्या पुस्तकाला मर्यादाही आहे. पाककृती शोधत आलेल्याला धर्मग्रंथ आणि समाजरचनेवरच्या विवेचनातून वाट काढावी लागते. युक्तिवाद जोरात असतो तिथे चूल थोडी मागे राहते. त्या चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या आठवणींसाठी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राचं ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ (२००९) सोबत वाचावं. शर्मिला रेगे आणि सहकाऱ्यांनी केलेलं हे काम दलितांच्या अन्नाच्या आठवणी नोंदवतं आणि छापील पाककृतींच्या पुस्तकांतून जात कशी अदृश्य होते, हेही दाखवतं.

मग ‘रुचिरा’चं काय करायचं?

फेकायची नाही. पुरणपोळीचं पुरण सैल झालं की तीच उघडायची. फक्त ती सगळ्या महाराष्ट्राची नव्हे, एका प्रकारच्या घराची उत्तम नोंद आहे, हे लक्षात ठेवायचं. आणि शेजारी पाटोळेंचं पुस्तक ठेवायचं. भाड्याने फ्लॅट बघताना ‘फक्त व्हेज’ची अट ऐकून मान डोलावणाऱ्यांना आणि ऑफिसात डबा उघडताना आधी आजूबाजूला बघणाऱ्यांना, दोघांनाही त्यात स्वतःबद्दल काहीतरी सापडेल.

वाचून झालं की घरी एक प्रश्न विचारून बघा. ‘आपल्याकडे खास काय करतात?’ हा नको. त्याचं उत्तर पाठ असतं. विचारा की, पाहुणे आले की आपल्या घरात कोणता पदार्थ करत नाहीत, आणि का? मिळालेलं उत्तर कुठेतरी लिहून ठेवा. ते बहुधा कुठल्याच पुस्तकात नसेल.