डीएनए दुरुस्तीचे मापन आणि रक्तनमुन्याची हाताळणी : एक चिकित्सा

नांदेड-लातूर परिसरात कापूस व सोयाबीनवर कीटकनाशकांची फवारणी मोठ्या प्रमाणावर होते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यामुळे फवारणी करणाऱ्यांच्या रक्तपेशींतील डीएनएची हानी व दुरुस्ती यांचा अभ्यास निकडीचा ठरतो. तथापि विषय निकडीचा आहे म्हणून त्याची पद्धत चिकित्सेतून सुटत नाही.

अशा संशोधनात कॉमेट चाचणी प्रचलित आहे. तिचे अल्कली द्रावणातील रूप नरेंद्र सिंग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले. विद्युतक्षेत्रात तुटलेला डीएनए पेशीकेंद्रातून शेपटीसारखा ओढला जातो. शेपटीत डीएनए जितका अधिक, तितकी हानी अधिक. दुरुस्ती मोजताना पेशींना ठरावीक हानी पोहोचवून ती किती वेगाने भरून येते, हे पाहतात.

रक्त काढल्यानंतरही त्यातील पांढऱ्या पेशी जिवंत असतात, ही बाब येथे कळीची आहे. ३७ अंश सेल्सिअसला डीएनएच्या एका धाग्यातील साध्या तुटी काही मिनिटांत जुळू लागतात. बर्फावर ही क्रिया अत्यंत मंदावते. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपुढे जाते. अशा हवेत नळी प्रवासात राहिल्यास मूळ हानीचा काही भाग प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच भरून निघू शकतो. उलटपक्षी, विलंब फार झाल्यास अल्पायुषी न्यूट्रोफिल पेशी मरू लागतात व त्यांचा विखंडित डीएनए मूळ हानी म्हणून मोजला जाण्याचा संभव असतो.

आता फवारणी करणाऱ्यांचे नमुने दूरच्या गावांतून आणि तुलनागटाचे नमुने महाविद्यालयाच्या आवारातून घेतले, असे समजू. दोन्ही गटांत कीटकनाशकाबरोबरच प्रवासाचाही फरक पडतो. टी-चाचणी हे दोन फरक वेगळे करू शकत नाही. नमुन्यांची संख्या वाढविल्यास सदोष निष्कर्ष अधिकच भक्कम भासतो.

म्हणून दोन्ही गटांचे नमुने समान अंतरावरून, एकाच दिवशी आणावेत. रक्त काढल्याची व प्रक्रिया सुरू केल्याची वेळ, वाहतुकीचे तापमान आणि गोठणरोधक यांची नोंद शोधनिबंधात द्यावी. एकाच व्यक्तीचे रक्त तत्काळ व विलंबाने तपासून विलंबाचा परिणाम स्वतंत्रपणे मोजावा. यासाठी बर्फाची पेटी, तापमापक व नोंदवही पुरेशी आहे.

ज्या शेतमजुराने विश्वासाने रक्त दिले, त्याच्या शरीराविषयीचा निष्कर्ष रस्त्यावरील उन्हाने ठरू नये, एवढी दक्षता संशोधकाकडून अपेक्षित आहे.